मास्तरांनी हात केला तेव्हा

मित्रांनो, माझ्याकडे खुशाल टक लावून पाहा. आता माझ्याकडे पाहून कुणाचे डोळे दिपत नाहीत.

मी एका जुन्या मालट्रकचा दिवा आहे. पुढचा, ड्रायव्हरच्या बाजूचा; ज्याला सगळे हेडलाइट म्हणतात तो. माझा ट्रक कधीच भंगारात गेला. मी मात्र एका लहानशा गॅरेजात लाकडी घोडीवर, भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. भिंतीकडे तोंड करून बसणे ही शाळेतली शिक्षा असते, असे ऐकले आहे. माझ्या बाबतीत तुम्ही तसे समजलात तरी माझी हरकत नाही.

दिव्याची गोष्ट म्हटली की अंधाराशी दिलेली झुंज वगैरे ऐकायला मिळेल असे तुम्हाला वाटेल. माझ्याकडे तसले काही नाही. माझ्याकडे एक चूक आहे. ती सांगावी की नाही, याचा मी फार दिवस विचार केला. मला नीट सांगता येईल की नाही, याचीही शंकाच आहे. पण जो दिवा स्वतःची चूक उजेडात आणत नाही, त्याने दुसऱ्यांना रस्ता तरी कशाला दाखवावा?

माझी काच जाड आहे आणि तिच्यावर उभ्या रेघा आहेत. त्या शोभेसाठी नसतात. प्रकाशाने कुठे जावे आणि कुठे जाऊ नये, हे त्या सांगतात. काचेच्या मागे चकचकीत वाटी आणि वाटीच्या मधोमध बल्ब. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. मला पेटवून, समोरच्या पडद्याकडे डोळे बारीक करून त्या शेजारणीला विचारत, "वर सांडत नाही ना गं?" प्रकाशही सांडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले आणि लगेच विसरून गेलो. लहानपणी ऐकलेल्या चांगल्या गोष्टींचे असेच होते.

मग मी ट्रकवर बसलो. पलीकडच्या बाजूला माझा भाऊ होता. आम्ही दोघे आयुष्यभर शेजारी राहिलो, पण एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही. आमच्या ड्रायव्हरचेही नाही. तो आमच्या मागे बसे आणि आम्ही पुढे पाहात असू. त्याचा आवाज मात्र मी हजार आवाजांत ओळखला असता. फोनवर त्याचे एकच वाक्य ठरलेले होते : "हा काय, पोचलोच!" गाडी अजून निघालेलीही नसे, तरी हा पोचलेला. त्यामुळे सगळे त्याला पोचलोभाऊ म्हणत. माणूस मनाने चांगला. रस्त्यात कुणी ओळखीचे दिसले की दोनदा हॉर्न वाजवल्याशिवाय पुढे जायचा नाही. फक्त त्याला थांबणे जमत नसे.

ट्रक रोज त्याच्या घरासमोर, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून उभा राही. त्यामुळे त्या घरातले बरेच बोलणे माझ्या कानावर पडे. त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, स्पष्ट बोलणारी होती. सकाळी भांडी घासता घासता ती जे बोले, ते मला पाठ होई.

आणि आमची देखभाल करायचे ते मास्तर. ते शाळेत शिकवत नसत. गाड्यांच्या वायरिंगचे काम करत. पण त्यांच्या खिशात कायम खडू असे आणि गॅरेजसमोरच्या भिंतीवर त्यांनी फळ्यासारखी रेघ मारलेली होती. गाडी त्या भिंतीसमोर मोजून पंचवीस पावलांवर उभी करायची, दिवे लावायचे आणि प्रकाशाची वरची कड रेघेच्या खाली येईपर्यंत आमच्या मागचा स्क्रू फिरवायचा. अर्धा फेरा, पाव फेरा, मग केसभर. मास्तरांचे उजवे मनगट असे हलके फिरायचे की मला गुदगुल्या व्हायच्या.

त्यांचा एक हट्ट होता. रिकाम्या ट्रकचे दिवे ते जुळवत नसत. गाडी भरून आणा म्हणत. नाहीतर गॅरेजच्या कोपऱ्यातली वाळूची चाळीस पोती मागे चढवायला लावत. ड्रायव्हर लोक त्यांची थट्टा करत.

"मास्तर, एवढं काय टिपून बघता? भिंत पळून जाणार आहे का?"

"भिंत नाही पळत, उजेड पळतो," मास्तर म्हणायचे. "मागं वजन पडलं की गाडीचं नाक वर जातं. आणि एकदा नाक वर गेलं ना, की माणूस असो नाहीतर गाडी, समोरच्याचा विचार करत नाही."

सगळे हसत. मीही हसलो असेन.

बरीच वर्षे अशी गेली. माझ्या काचेवर बारीक ओरखडे पडले, वाटीची चमक गेली, वायरी म्हाताऱ्या झाल्या. एका थंडीत पहाटे कालव्याच्या रस्त्याने जाताना धुके इतके दाटले की मला माझ्या पुढचे चार हातसुद्धा दिसेनात. त्या धुक्यात मागे दिवा नसलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. पोचलोभाऊने ब्रेक दाबला तेव्हा माझ्यात आणि तिच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढेच अंतर उरले होते.

त्या दिवशी वहिनी म्हणाली, "टेबलावरचा चष्मा मला सापडला नाही तर चिडता तुम्ही. आणि तुम्हाला अख्खी ट्रॉली सापडेना? आधी ते दिवे बघा. मी सांगतेय म्हणून नाही, घरी परत यायचंय म्हणून."

पोचलोभाऊ मास्तरांकडे गेला. मास्तरांनी माझ्या काचेवरून बोट फिरवले आणि ते काळे झालेले बोट त्याच्यासमोर धरले. "पुसली होतीस कधी?"

"पावसानं धुतली जातेच की."

"हो, तुझे कपडेही पावसातच धुवत जा मग." मास्तरांनी माझ्या मागे हात घालून वायर चाचपली. "ही बारीक वायर बदलू. करंट दिव्यापर्यंत पोचतच नाही, निम्मा वाटेत संपतो. जाड वायर टाकू, बॅटरीतून थेट करंट देणारा रिले बसवू, चांगला पिवळा बल्ब घालू. आणि बंपरच्या खाली दोन फॉग लाइट, पिवळेच. धुक्यात वाकून, खालून बघायचं असतं. उंचावरून बघितलं की नुसतं धुकंच दिसतं. उद्या गाडी भरून आण."

"भरलेली गाडी अर्धा दिवस इथं उभी करू? मास्तर, तिकडं लोक मालाची वाट बघतायत."

"मग रिकामी आण. पोती आहेत."

"चाळीस पोती चढवायची आणि परत चाळीस उतरवायची? मास्तर, मला दिवा लावायचाय, घर नाही बांधायचं!"

आजूबाजूचे ड्रायव्हर मोठ्याने हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. पोचलोभाऊला वाटले, ते रागावले.

मित्रांनो, काम इतके सोपे होते. एक अर्धा दिवस आणि चाळीस पोती. माझ्या सगळ्या लाजेची किंमत तेवढीच होती.

पोचलोभाऊने मला मोठ्या रस्त्यावरच्या एका नव्या, काचेच्या दाराच्या दुकानात नेले. तिथल्या तरतरीत माणसाने माझा जुना बल्ब दोन बोटांत धरून उंदीर फेकावा तसा डब्यात फेकला आणि पांढराशुभ्र, झगझगीत बल्ब आत बसवला. रिकामी गाडी दुकानाच्या शटरसमोर उभी करून त्याने बटण दाबले. सगळे शटर दुधासारखे उजळले.

"बघा साहेब," तो म्हणाला, "समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत!"

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकला. डोळे दिपणे! मोठ्या समारंभाबद्दल, दागिन्यांबद्दल लोक असे बोलतात. मी इतका फुगलो की माझी काच तडकली नाही हेच नवल. खरे तर त्या क्षणी मला कळायला हवे होते. माझी वाटी जुन्या बल्बच्या मापाने घडवलेली होती. नव्याचा प्रकाश तिच्यात मावत नव्हता. तो चहूकडे सांडत होता. पण कारखान्यातल्या बाईंचा प्रश्न मला आठवला नाही. फॉग लाइट तर पोचलोभाऊने लावलेच नाहीत. एवढा उजेड असताना ते हवेत कशाला, असे त्याचे म्हणणे.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे सांगताना मला आज मान वर करवत नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी मला पाहून दिवे मिचकावू लागली. ड्रायव्हरांच्या भाषेत याला डिपर मारणे म्हणतात. एक गाडी, दुसरी गाडी, तिसरी. मला वाटे, हे सगळे मला सलाम करतात! पोचलोभाऊलाही तसेच वाटे. "बघ, लोक बघतायत गाडीकडे," तो शेजारी बसलेल्याला सांगे. तो खालचाच दिवा, म्हणजे जवळचा रस्ता दाखवणारा लो बीम, लावून चालवत असे. त्याची नियत वाईट नव्हती. पण आम्ही कायम मालाने भरलेले असू, नाक वर असे, आणि माझा खालचा दिवाही वरच्यासारखाच झालेला होता. समोरचे लोक सलाम करत नव्हते, विनवणी करत होते. ती मी मुजरा समजून घेत होतो.

धुक्यात मात्र माझी फजिती होई. माझा पांढरा उजेड धुक्यावर आदळून परत माझ्याच तोंडावर येई आणि पुढे चुना मारलेली भिंत उभी राही. पोचलोभाऊ वैतागून म्हणे, "अजून जोराचा बल्ब टाकायला पाहिजे." एकदा तर त्याने स्वतःच पान्याने माझा स्क्रू फिरवून मला आणखी वर केले. लांबचे दिसावे म्हणून.

आणि मग ती संध्याकाळ आली. मागे सिमेंटची पोती होती. वहिनी तिच्या बहिणीकडून परतत होती, ती पुढे बसली होती. दिवेलागणीची वेळ. कालव्याच्या रस्त्यावर समोरून एक सायकल येत होती. हँडलला हत्यारांची पिशवी अडकवलेली. मास्तर होते. मी त्यांना पुरते उजळून टाकले होते. त्यांच्या शर्टाची बटणेसुद्धा मला मोजता येत होती.

मास्तरांनी एक हात वर केला.

"मास्तर ना ते?" वहिनी म्हणाली. "हात केला बघा त्यांनी."

"केला ना? म्हणजे राग गेला!" पोचलोभाऊला इतका आनंद झाला की त्याने दोनदा हॉर्न वाजवला. मीही मनात म्हटले, ज्यांनी मला इतकी वर्षे सांभाळले, त्यांनीही शेवटी मला मानले. आम्ही त्यांच्या शेजारून निघून गेलो. दिव्याला मागचे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाहेरून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली.

"मास्तर पडले काल. कालव्याच्या रस्त्यावर, सायकलसकट चरात. उजवं मनगट मोडलंय. किती वेळ तिथंच होते म्हणे. शेतातून येणाऱ्या दोघांनी उचललं."

"काल? कधी?"

"दिवेलागणीला."

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अहो," वहिनी हळू म्हणाली, "त्यांनी हात केला होता ना?"

"केला होता की. तूच म्हणालीस."

"हलवला नव्हता हो. कपाळाशी धरला होता."

मित्रांनो, त्या क्षणी मी विझलेला होतो, तरी मला दिसले. तळवा माझ्याकडे होता. बोटे भुवयांवर होती. आजवर मिचकावलेले सगळे दिवे मला एकामागून एक आठवले आणि त्या प्रत्येकाच्या मागे मला एक आंधळा झालेला माणूस दिसला.

पोचलोभाऊ मास्तरांना भेटायला गेला. चांगली निवडून फळे घेऊन गेला. गाडी अंगणाच्या कडेला होती आणि खिडकी उघडी होती. आत चार-पाच ड्रायव्हर बसले होते. मास्तरांची लेक सांगत होती, "बाबा म्हणतात, नुसता पांढरा उजेड आला, मग रस्ताच दिसेना."

"गाडी कोणती होती?" कुणीतरी विचारले.

मास्तर म्हणाले, "उजेडात गाडी कुठली दिसायला?"

मग ड्रायव्हरांनी त्या अज्ञात माणसाचा उद्धार सुरू केला. निर्लज्ज काय, बेअकली काय. आणि आमच्या पोचलोभाऊने, गप्प बसला तर संशय येईल या भीतीने, सगळ्यांच्या वरताण एक शिवी हासडली. "असल्यांना गाडीच्या टपाला बांधून फिरवलं पाहिजे," तो म्हणाला. त्याचा आवाज मला हजार आवाजांत ओळखू आला असता म्हणालो ना? तो आवाज त्या दिवशी मला ओळखू आला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस तो मास्तरांच्या गॅरेजवरून जायचे टाळून लांबच्या रस्त्याने गाडी नेऊ लागला. फोनवर "पोचलोच" म्हणणे बंद झाले. समोरून कुणी डिपर मारला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. मला बदलायला मात्र त्याला धीर होत नव्हता. दुकानात गेलो तर लोक विचारतील, आत्ताच का बदलतोस? चूक लपवण्यासाठी तो तीच चूक रोज रस्त्यावर घेऊन हिंडत होता. आणि मी रोज पेटत होतो. दिव्याला बटण दाबल्यावर पेटावेच लागते. लाज वाटली म्हणून मंद होता येत नाही.

शेवटी एका संध्याकाळी वहिनीने भांडी घासणे मध्येच थांबवले. "आयुष्यभर सगळ्यांना पोचलोच सांगत आलात," ती म्हणाली. "मास्तरांकडे कधी पोचणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने माल भरला आणि उतरवायच्या ठिकाणी न जाता, वहिनीला बरोबर घेऊन, गाडी सरळ मास्तरांच्या भिंतीसमोर आणून उभी केली. मास्तर प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसले होते.

पोचलोभाऊ खाली उतरला. वाटेत त्याने काय काय जुळवले असेल ते असो, तोंडातून एवढेच निघाले : "मास्तर, गाडी भरून आणलीय."

मास्तरांनी ट्रककडे पाहिले. माझ्याकडेही पाहिले. मी पेटलेला नव्हतो, हे माझे नशीब.

"ती सायकल घे," ते म्हणाले. पुढचे चाक वाकलेली सायकल गॅरेजच्या दाराशी टेकवलेली होती. "इथं, भिंतीपाशी घेऊन ये. हं. बस तिच्यावर. तोंड गाडीकडे." मग वहिनीला म्हणाले, "सूनबाई, आत बसून तेवढं बटण दाबा. खालचाच दिवा."

अंधार पडू लागला होता. मी पेटलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या ड्रायव्हरचे तोंड दिसले. म्हणजे दिसणार होते. तेवढ्यात त्याचा हात आपोआप वर गेला. कपाळाशी. तळवा माझ्याकडे.

मास्तर स्टुलावरून म्हणाले, "कुणाला हात करतोस रे?"

वहिनीने बटण बंद केले. अंधार झाला, तरी पोचलोभाऊचा हात खाली येईना. तो आता उजेडासाठी नव्हता.

"मास्तर, मीच होतो," तो हातामागून म्हणाला.

"माहीत आहे मला. दोनदा हॉर्न वाजवलास. डोळे गेले होते त्या वेळी माझे, कान शाबूत होते."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो," मास्तर म्हणाले. "पण तू शिवी दिलीस ना, तेव्हा तुझ्याकडे बघवेना. म्हटलं, याला आता माझ्याकडून आणखी शिक्षा कशाला?"

वहिनी गाडीतून उतरली. तिने नवऱ्याचा हात धरून खाली घेतला आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर रडारड वगैरे झाली नाही, कारण मास्तरांनी लगेच कामाला लावले. पांढरा बल्ब निघाला आणि माझ्या जुन्या सोबत्यासारखाच पिवळ्या उजेडाचा बल्ब आला. जाड वायर आली, रिले आला. बंपरखाली दोन ठेंगणे फॉग लाइट बसले. वाकून पाहणारे. माझी काच पोचलोभाऊने स्वतःच्या शर्टाने पुसली. मग मास्तर सवयीने स्क्रूकडे वळले, पान्याकडे डावा हात गेला, पण तो हात शिकलेला नव्हता. त्यांनी पाना पोचलोभाऊकडे दिला.

"फिरव. अर्धा. अजून पाव. थांब, थांब, तुला घाई कसली आहे? आता केसभर."

"मला घाई नाही मास्तर," पोचलोभाऊ म्हणाला. ते ऐकून वहिनी इतक्या दिवसांनी हसली.

माझा उजेड रेघेखाली उतरला. पूर्वीपेक्षा थोडा, पण रस्त्यावर पडलेला. परतताना समोरून गाड्या आल्या. एकानेही दिवे मिचकावले नाहीत. कुणीही माझी दखल घेतली नाही. मला इतके हलके कधी वाटले नव्हते.

गोष्ट इथे संपवता आली असती तर मला आवडले असते. पण प्लास्टर निघाल्यावरही मास्तरांचे मनगट पुरते वळेना. घास घेता येई, सही करता येई. तो केसभरचा फेरा मात्र पुन्हा कधी आला नाही. पोचलोभाऊ त्यानंतर दर सुट्टीला गॅरेजात येऊन त्यांच्या शब्दावर स्क्रू फिरवू लागला. ट्रक भंगारात निघाला तेव्हा त्यानेच मला काढून इथे आणले. नवा ड्रायव्हर आला की मास्तर माझ्यात आधी पिवळा, मग पांढरा बल्ब घालून दाखवतात. पांढरा घातला की मी शरमेने पेटतो. दोघेही मला कधी टाकून बोलत नाहीत. त्यामुळेच मास्तर डाव्या हाताने चहाचा कप उचलतात तेव्हा मला भिंतीकडे पाहात बसणे बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्याकडे ट्रक नाही. पण सायकलला दिवा असेल, घरी बॅटरी असेल, उद्या मोठे झाल्यावर गाडीही येईल. दिव्याची काच पुसत जा. गाडी भरल्या वजनानिशी भिंतीसमोर उभी करत जा. अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या. आणि समोरून कुणी हात वर केला, तर लगेच खूश होऊ नका. आधी आपला दिवा खाली घ्या. मग पाहा, तो हात हलतो का.